प्रकाश कोणावर पडतो?
एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निसर्गचित्रांचे एक वाचन

सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्यांची ही वस्ती होय. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे तेथे व आसपास राहतात, आणि त्यांत ख्रिस्ती घरेही आहेत. अशाच एका घरी सकाळच्या प्रार्थनेसाठी गेलो असता भिंतीवरील कॅलेंडराकडे आमचे लक्ष वेधले गेले. बर्फाच्छादित शिखरे, पायथ्याशी आरशासारखे निश्चल सरोवर, शिखरांमागून फाकलेले सोनेरी किरण, आणि खाली स्तोत्र १२१ चे पहिले वचन. पण वचनाचा पूर्वार्धच तेवढा छापला होता. पर्वतांकडे दृष्टी लावण्याची गोष्ट होती. साहाय्य कोठून येणार, हा उत्तरार्धातील प्रश्न गाळलेला होता.

कॅलेंडराशेजारीच खिडकी होती. खिडकीतून एका प्रिंटिंग मिलची चिमणी व बॉयलरची वाफ दिसत होती. घरधनी रात्रपाळी संपवून नुकताच परतला होता. घरधनीण सहज म्हणाली, "पाळकसाहेब, असं उजाडतं कुठं हो? आमच्याकडं उजाडलं की मग यांचं अंग टेकतं." आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर पुरेसे नव्हते, हे आम्हांस तेव्हाच कळून चुकले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा उशिरा केलेला विचार होय.

वाचक विचारतील की, पाळकाने व धर्मशिक्षकाने चित्रकलेच्या इतिहासात का शिरावे? आमचे म्हणणे असे की, आपण त्यात आधीच शिरलेले आहोत. आपल्या घरांच्या भिंतींवर, उपासनेच्या पत्रिकांवर, शब्बाथशाळेच्या बक्षीसपत्रांवर जी सृष्टी दिसते ती कोणीतरी, कोठेतरी, काही विशिष्ट श्रद्धेने पाहिलेली सृष्टी आहे. त्या श्रद्धेतील खरे कोणते आणि अपुरे कोणते, हे तपासल्यावाचून आपण तीच चित्रे उपदेशपीठावरून शब्दांत काढीत राहिलो, तर ऐकणाऱ्याच्या वाट्याला अर्धेच वचन येते.

कॅलेंडराचे पूर्वज

या कॅलेंडरचित्राचा पूर्वज एकच नाही. युरोपातही डोंगर, धुके व उगवता सूर्य यांत ईश्वराची चाहूल घेणारे चित्रकार होऊन गेले. तथापि निर्जन अरण्य, अथांग अवकाश व त्यांतून ओसंडणारा प्रकाश ही रचना एका राष्ट्राच्या जणू सार्वजनिक श्रद्धेचा भाग झाली ती एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीच्या नावाने हा चित्रकारसमूह ओळखला जातो. त्याचा आरंभ टॉमस कोल याच्यापासून मानतात.

या कोलची हकीकत पांडेसऱ्याच्या वाचकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. तो जन्माने अमेरिकन नव्हता. १८०१ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावी तो जन्मला, आणि कोवळ्या वयात त्याने जे काम शिकून घेतले ते सुती कापडावर छापावयाच्या नक्षीचे ठसे कोरण्याचे. अमेरिकन निसर्गचित्राचा आद्य पुरुष हा मुळात कापडछपाईचा कारागीर होता! १८१८ मध्ये त्याचे कुटुंब अमेरिकेस गेले, आणि १८२५ मध्ये हडसनकाठच्या डोंगरांची त्याची चित्रे न्यूयॉर्कमध्ये प्रथम नावाजली गेली. पुढे यलोस्टोनच्या दऱ्या रंगवून कीर्ती मिळविणारा टॉमस मोरान (जन्म १८३७) हाही त्याच बोल्टनचा, हातमागावर विणणाऱ्या बापाचा मुलगा.

या धाग्याचे दुसरे टोक सुरतेतच आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत सुरत बंदरातून छापील व रंगीत सुती कापड युरोपात जात असे. त्याची चटक इतकी वाढली की, तेथील विणकरांच्या रक्षणासाठी इंग्लंडला १७०० व १७२१ मध्ये कायद्याने बंदी घालावी लागली. पुढे तेच छपाईचे काम लँकेशायरच्या गिरण्या यंत्रावर करू लागल्या. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तेथला कापूस येईनासा झाला, तेव्हा त्याच गिरण्यांनी हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस नाक मुरडीत घेतला. त्याला ते 'सुरत' याच नावाने ओळखीत. त्या वर्षांत खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. म्हणजे ज्या हातांनी अमेरिकेच्या अरण्यातील प्रकाश प्रथम रंगविला, ते हात आपल्या या कापडाच्या जगातूनच गेले होते. गिरणीचा धूर कोलला ठाऊक होता. धूर नसलेल्या आकाशाची त्याची ओढ ही धूर पाहिलेल्या माणसाची ओढ होती, हे ध्यानी ठेवले म्हणजे त्याच्या चित्रांकडे आपण अधिक न्यायाने पाहू.

आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाशीही या चित्रांचा संबंध आहे. १८०६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेस जमले असता वादळ आले, आणि गवताच्या गंजीच्या आडोशाने त्यांनी परदेशी सुवार्ताकार्याचा संकल्प केला, ही कथा आपल्या वाचकांस सुपरिचित आहे. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड हे मंडळ स्थापन झाले. त्याचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरचे काम सुरू झाले आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाले. ज्या न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी हे लोक पाठविले, त्यांच्याच वातावरणात हे चित्रकार व त्यांचे प्रेक्षक वाढले. कोलचा शिष्य फ्रेडरिक चर्च हा १८२६ मध्ये कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे अशाच एका काँग्रिगेशनल घराण्यात जन्मला. सृष्टी हा ईश्वराचा दुसरा ग्रंथ आहे, ही समजूत त्या घरांत बायबलाबरोबरच शिकविली जाई.

प्रकाशाची रीत

कोलचे 'द ऑक्सबो' (१८३६) हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. गंजीखालच्या त्या प्रार्थनासभेप्रमाणे याही चित्राची जागा पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्येच आहे, आणि येथेही वादळ आहे. चित्राच्या डाव्या अंगास मोडकी खोडे, गर्द रान व काळा पाऊस. उजव्या अंगास कनेक्टिकट नदीचे वळण, नांगरलेली शेते, घरे व पावसानंतरचे स्वच्छ ऊन. दूरच्या टेकडीवर झाडे तोडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांच्या खुणा काही अभ्यासकांना हिब्रू अक्षरांसारख्या दिसल्या आहेत. त्यांच्या मते सरळ वाचले असता त्यांतून 'नोहा' व उलट बाजूने 'शद्दाय', म्हणजे सर्वसमर्थ, असे शब्द निघतात. हे वाचन सर्वांना मान्य होईल असे नाही. पण जलप्रलयानंतरच्या धुतलेल्या भूमीची आठवण हे चित्र पाहून होते, यात शंका नाही. पुढच्या बाजूस खडकांमध्ये कोलने स्वतःला अगदी लहान रंगविले आहे. हातात कुंचला धरून तो मान वळवून आपल्याकडे पाहतो. जणू विचारतो की, या दोहोंपैकी तुम्ही काय निवडणार?

चर्चने हा प्रश्न सोडून दिला व केवळ प्रकाश घेतला. 'हार्ट ऑफ द अँडीज' (१८५९) हे सुमारे दहा फूट रुंदीचे चित्र न्यूयॉर्कमध्ये खिडकीसारख्या भव्य चौकटीत मांडले, तेव्हा पंचवीस-पंचवीस सेंट देऊन सुमारे बारा हजार लोक ते पाहून गेले. त्या विराट डोंगरराईत एक लहानसा क्रूस आहे व त्यापुढे दोन माणसे आहेत. पुढच्याच वर्षीच्या 'ट्वायलाइट इन द वाइल्डरनेस' (१८६०) मध्ये माणूसही नाही. काळवंडलेली झाडे, शांत पाणी आणि आकाशभर पेटलेले तांबडे-केशरी ढग एवढेच आहे. पुढच्या भागातील एका मोडक्या खोडाच्या टोकाशी पाहणाऱ्यास क्रूसाचा आकार भासतो. यादवी युद्ध पुढच्या वर्षी पेटावयाचे होते; त्या आकाशात कित्येकांनी नंतर त्या रक्ताची पूर्वसूचना वाचली.

या झळाळीमागे एक साधी भौतिक गोष्ट आहे. रसायनशाळेत तयार होणारे नवे रंग, विशेषतः कॅडमियमचे पिवळे, त्या काळी चित्रकारांच्या हाती आले होते. त्यांच्यावाचून हे आकाश असे पेटले नसते, असे मानले जाते. १८५६ मध्ये डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग निघाला व कापड रंगविण्याचा धंदा पालटला. तोही याच दशकातला. अरण्याचे निर्मळ आकाश व रंगशाळेचे हौद ही दोन्ही एकाच रसायनविद्येची अपत्ये आहेत, याची नोंद आम्ही येथे करून ठेवतो. पुढे तिचा उपयोग होईल.

याहून वेगळी व अधिक अंतर्मुख अशी एक रीत याच काळात दिसते. १९५४ मध्ये जॉन बाउर या अभ्यासकाने तिला प्रकाशवादाच्या अर्थाचे 'ल्युमिनिझम' हे नाव रूढ केले. खुद्द चित्रकारांना ते नाव माहीत नव्हते. फिट्झ हेन्री लेन (१८०४–१८६५) हा मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरातील शिळाछापाचा कारागीर होता. लहानपणापासून त्याचे पाय अधू होते. त्याच्या 'आउल्स हेड' (१८६२) या चित्रात पाणी हलत नाही, ढग हलत नाही, आणि किनाऱ्यावर पाठमोरा उभा असलेला एकटा माणूसही हलत नाही. कुंचल्याचा फटकारा कोठे दिसत नाही. रंगविणाऱ्याने स्वतःला पुसून टाकले आहे. मार्टिन जॉन्सन हीड याच्या 'अप्रोचिंग थंडर स्टॉर्म' (१८५९) मध्ये पाणी शाईसारखे काळे झालेले आहे, काठावर ऊन आहे, आणि एक माणूस कुत्र्यासह स्वस्थ बसून वादळाची वाट पाहतो आहे.

या चित्रांपुढे नम्र व्हावे असे पुष्कळ आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो व सूर्य चौथ्या दिवशी, हे आपण वर्गात शिकवितो. पण सूर्याहून जुना प्रकाश डोळ्यांपुढे कसा आणावा, हे आपल्याला ठाऊक नसते. लेनच्या चित्रातील प्रकाश असा आहे की, तो सूर्यापासून आला असे वाटत नाही. तो वस्तूंमध्येच वसतीला आल्यासारखा दिसतो. मौन म्हणजे काय, हे उपासकाला शिकविण्यास त्याचे एक चित्र पुरेसे आहे. सृष्टी ही केवळ उपयोगाची वस्तू नाही, ती दिलेली आहे, हे या चित्रकारांनी आपल्या व्यापारी देशाला ठणकावून सांगितले. कोलने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन निसर्गावरील निबंधात कुऱ्हाडीने चालविलेल्या संहाराबद्दल उघड दुःख व्यक्त केले आहे. ही साक्ष खरी आहे. हिच्यावर आम्ही पाणी सोडणार नाही.

चित्रात नसलेली माणसे

परंतु दुसरा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. ही भूमी निर्जन होती काय?

१८३० मध्ये कोलने 'डिस्टंट व्ह्यू ऑफ नायगारा फॉल्स' हे चित्र रंगविले. शरद ऋतूतील झाडी, दूरवर धबधबा, आणि पुढच्या कड्यावर त्या भूमीचे दोन मूळ रहिवासी. आसमंत अस्पर्श वाटतो. प्रत्यक्षात त्या वेळी नायगाऱ्याभोवती उतारूंसाठी हॉटेले व कारखाने उभे राहिले होते. ते कोलने गाळले. आणि ज्या मूळ रहिवाशांना त्याने त्या जागी शोभेसारखे उभे केले, त्यांना आग्नेयेकडील राज्यांतून मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्याचा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने त्याच १८३० साली संमत केला. चित्रात गिरणी नाही, कारण ती सृष्टीचे सौंदर्य बिघडविते. चित्रात मूळ रहिवासी आहे, कारण प्रत्यक्षात तो लवकरच नसणार आहे. एकाच कॅनव्हासवरील या दोन लबाड्या कोलने जाणूनबुजून केल्या असे आम्ही म्हणत नाही. जाणून न करताही त्या होतात, हेच अधिक गंभीर आहे.

येथे आपल्या मिशनच्या इतिहासातील एक पान उलटावे लागते. मुंबईस हॉल व नॉट यांना पाठविणाऱ्या त्याच अमेरिकन बोर्डाने सॅम्युएल वुस्टर यांना १८२५ मध्ये चेरोकी लोकांत पाठविले होते. त्यांच्या साहाय्याने १८२८ मध्ये 'चेरोकी फीनिक्स' हे चेरोकी व इंग्रजी भाषांतील वृत्तपत्र निघू लागले. 'ज्ञानोदया'च्या चौदा वर्षे आधी. चेरोकींच्या भूमीवर राहण्यासाठी जॉर्जिया राज्याचा परवाना व निष्ठेची शपथ घेण्यास वुस्टर यांनी नकार दिला. १८३१ मध्ये त्यांना अटक होऊन चार वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण राज्याने तो मानला नाही. अखेर बोर्डाच्या चालकांनीही पुढे न लढण्याचा सल्ला दिला, व १८३३ च्या आरंभी वुस्टर सुटले. १८३८-३९ मध्ये चेरोकींना लष्कराच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे चालविण्यात आले. त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसे मेली असे मानले जाते. वुस्टर त्यांच्या आधीच त्या पश्चिमेच्या मुलुखात जाऊन राहिले होते, आणि मरेपर्यंत ते त्यांच्यातच राहिले.

'ऑक्सबो' वुस्टरच्या अटकेनंतर पाच वर्षांनी रंगविले गेले, आणि चेरोकींची ती वाटचाल त्याला दोन वर्षे लोटल्यावर घडली. एकाच मुलुखातील मंडळ्या रविवारी सृष्टीच्या ग्रंथातील प्रकाश वाचीत होत्या, आणि त्यांनीच पाठविलेला एक मनुष्य त्या प्रकाशाखालची माणसे कोण, हे तुरुंगातून सांगत होता. चित्रकारांनी दिलेली साक्ष जगभर पसरली. वुस्टरची साक्ष फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे हाच क्रम यलोस्टोन येथे घडला. मोरानची चित्रे काँग्रेसच्या सभासदांपुढे ठेवली गेली, १८७२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्याचे भव्य चित्र सरकारने दहा हजार डॉलरांना विकत घेतले. अरण्य राखले गेले ही मोठी गोष्ट झाली. पण ज्यांची ती शिकारीची व येण्याजाण्याची भूमी होती त्या जमातींना पुढे तिच्याबाहेर राहावे लागले.

तात्पर्य, या चित्रांतील दोष प्रकाशाचा नाही. दोष चौकटीचा आहे. प्रकाश पवित्र राहावा म्हणून चौकटीतून माणूस काढून टाकला, म्हणजे जो प्रकाश उरतो तो पाहणाऱ्याचे समाधान करतो, त्याला प्रश्न विचारीत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रकाश जगात येतो तो अंधार असलेल्या, त्याला न ओळखणाऱ्या जगात. आणि तो अध्याय तेथून थेट देहधारणाकडे वळतो. देहधारणाचा प्रकाश निर्जन असू शकत नाही.

धूर आणि प्रकाश

आपल्यासमोरच्या कापडाच्या जगाकडे या चित्रकारांपैकी कोणीच वळून पाहिले नाही काय? एकाने पाहिले, आणि तेही पैशासाठी. जॉर्ज इनेस (१८२५–१८९४) याला १८५६ च्या सुमारास एका रेल्वे कंपनीने जाहिरातीसाठी चित्र सांगितले. 'द लॅकावॉना व्हॅली' या नावाने ते आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलावीथीत आहे. हिरव्या दरीतून आगगाडी येत आहे, मागे इंजिनांची गोलाकार शाळा व धूर आहे, आणि पुढच्या सबंध उतारावर तोडलेल्या झाडांचे बुंधे उभे आहेत. एक मनुष्य गवतावर पडून हे सारे पाहतो आहे. इनेसने काहीही लपविले नाही. बुंधे लपविले नाहीत, धूरही लपविला नाही. आणि दोहोंवर त्याने तोच मऊ प्रकाश पसरू दिला आहे. या चित्राचा अर्थ प्रगतीची स्तुती असा करावा की तिचा शोक असा करावा, याबद्दल टीकाकारांचे अजून एकमत नाही. आम्हांस त्यातील प्रामाणिकपणा पुरेसा वाटतो.

येथे विज्ञानाचा एक साधा सिद्धांत उपदेशकांच्या उपयोगी पडेल. १८६९ च्या सुमारास जॉन टिंडल याने प्रयोगाने दाखविले की, हवेतील धूळ पूर्णपणे काढून टाकली तर त्या हवेतून जाणारा प्रकाशाचा झोत दिसेनासा होतो. झोत आपल्याला दिसतो तो वाटेतल्या कणांमुळे. चर्चचे पेटलेले आकाश हेही वाफ, धूळ व ढग यांचेच देणे आहे. आपणही मातीचेच आहोत, असे पवित्र शास्त्र सांगते.

या दाखल्याचा गैरवापर करण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. पांडेसऱ्यात सकाळच्या उन्हात बॉयलरची वाफ कधी कधी खरोखरच सोनेरी दिसते. आम्ही ती पाहिली आहे. पण ती वाफ सुंदर आहे असे खालच्या खोलीतल्या खोकणाऱ्या माणसाला सांगणे, हा कोलच्या नायगाऱ्याहून अधिक मोठा अपराध ठरेल. जेट मशीनवर बारा तास ओल्या कापडाच्या वाफेत उभा राहणारा आणि स्टेंटरच्या उष्णतेपुढे काम करणारा मनुष्य निसर्गचित्राचा विषय नाही. तो त्या चित्राचा न्याय करणारा आहे. खाडीच्या पाण्यात उतरलेला रंग हाही त्याच रसायनविद्येचा, जिने चर्चचे आकाश पेटविले. तेथे तो रंग पाहून लोक थक्क झाले. येथे त्या पाण्याच्या वासाने लोक खिडक्या लावून घेतात.

आपल्या भाषेतील सृष्टी

मग आपल्यापाशी दुसरी काही रीत आहे काय? आम्हांस वाटते, आहे. आणि ती शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

अमेरिकन मराठी मिशनच्या कामात शाळा, पुस्तके व छापखाना यांना जे स्थान होते ते चित्रकलेला नव्हते. पण त्या मिशनच्या परिसरात मराठी सृष्टिकाव्याला एक घर मिळाले. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेऊन पुढे अहमदनगरास राहिले. ते फुलांचे व मुलांचे कवी म्हणून ओळखले जातात. या जोडीतील दुसरा शब्द आपण पुष्कळदा विसरतो. टिळकांची सृष्टी मुलांवाचून पुरी होत नाही. आणि ते घर नुसत्या आपल्या मुलांचे नव्हते. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेला खानदेशचा पोरसवदा कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, त्याच घरी येऊन राहिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मधून तो आपल्या ओळखीचा झाला आहे.

बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता लेन व हीड यांच्या चित्रांशेजारी ठेवून पाहावी, अशी आमची सूचना आहे. तीत बेटाबेटांतून वाहणारा झरा आहे, काळा डोह आहे, निश्चल बसलेले झाड आहे. ल्युमिनिस्ट चित्राची सारी सामग्री तेथे आहे. हीडच्या चित्रातील काळ्या पाण्याजवळ ती सर्वांत अधिक येते. परंतु त्याच कवितेत मोजक्या घरांचे एक गाव आहे, शेतमळ्यांची दाटी आहे, आणि एक पायवाट आहे. पायवाट म्हणजे रोज चालणारी पावले. कवीने निसर्ग शांत व्हावा म्हणून गाव पुसले नाही. चौकट रिकामी न करताही मौन साधता येते, हे त्या आठ ओळी सिद्ध करतात. १८९० मध्ये धरणगावी जन्मलेला हा कवी १९१८ मध्ये जळगावजवळ भादली स्थानकावर आगगाडीखाली सापडून मरण पावला. त्याच्या गावाकडची माणसे आज आगगाडीनेच उधन्याला उतरून पांडेसऱ्याच्या गिरण्यांत येतात. त्यांच्या पायवाटेचे दुसरे टोक तेथे आहे.

ही तुलना करताना आपल्या परंपरेचा अभिमान मिरविण्याचा आमचा हेतू नाही. गावाचे ते मोजके उंबरठे कोणाकोणाला ओलांडता येत असत, हा प्रश्न मराठी निसर्गकवितेलाही विचारावाच लागेल; पायवाट चित्रात असली म्हणून ती सर्वांना मोकळी असते असे नाही. परंतु निदान ती पायवाट दिसते, म्हणून तिच्याविषयी विचारता येते. जे चौकटीतच नाही, त्याच्याविषयी विचारणेही सुचत नाही.

उपदेशकांसाठी

या विवेचनातून पाळक व धर्मशिक्षक यांच्या नित्य कामासाठी तीन गोष्टी निघतात, असे आम्हांस वाटते.

पहिली, भिंतीवरील कॅलेंडर काढून टाकण्यास कोणी सांगू नये. दिवसभर धूर पाहणाऱ्याला बर्फाचे शिखर पाहावेसे वाटते. बोल्टनच्या कारागिरालाही तसेच वाटले होते. ती ओढ म्हणजे भ्रम नव्हे. निर्माणकर्त्याने सृष्टी जशी असावी असे योजिले त्याची ती अंधुक आठवण असू शकते. जिचे समाधान आपण करू शकत नाही अशा भुकेची टवाळी आपण करू नये.

दुसरी, सृष्टीवर उपदेश करताना आपल्या शब्दांची चौकट तपासावी. पिकांच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत आपण डोलणारी शेते वर्णितो. पण समोर बसलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांनी पाण्यावाचून शेत सोडलेले असते. त्यांच्या आताच्या जगात पाणी आहे, रंग आहे, उष्णता आहे, कापड आहे. ही सारी सृष्टीच होय, आणि तिचा बिघाड हाही सृष्टीच्याच सिद्धांतात बोलण्याचा विषय आहे. खाडीच्या पाण्याविषयी उपदेशपीठावरून बोलले तर ते राजकारण झाले, असे मानणाऱ्यांनी वुस्टर यांचे स्मरण करावे.

तिसरी, वचन पुरे वाचावे. स्तोत्र १२१ पर्वतांपाशी थांबत नाही. साहाय्य कोठून येणार असे ते विचारते, आणि उत्तर देताना पर्वतांचे नाव घेत नाही. आकाश व पृथ्वी ज्याने केली त्याचे घेते. पुढे त्याच स्तोत्रात एका राखणदाराचे चित्र आहे. त्याला झोप येत नाही. तो रात्रभर जागा असतो. कॅलेंडर छापणाऱ्याने जो भाग गाळला, तो नेमका रात्रपाळीच्या माणसाचा होता.

काही आठवड्यांनी आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी संध्याकाळ होती व घरधनी कामावर निघण्याच्या तयारीत होता. ते स्तोत्र आम्ही शेवटपर्यंत वाचले. राखणदाराचा भाग आला तेव्हा तो हातातला डबा खाली ठेवून ऐकत उभा राहिला. वाचन संपल्यावर म्हणाला, "हे त्या फोटोखाली का नाही लिहिलं?" मग त्याने डबा उचलला, बायकोला दाराला कडी लावण्यास सांगितले, व तो पाळीवर गेला.